सॅल्मनसाठी ट्रोलिंग: अथांग तळ्यात मासा शोधतात कसा? सोनार, जीपीएस आणि डाउनरिगरची गोष्ट

ट्रोलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कमेंट बॉक्स येतो. पण हा शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो मासेमारीतला आहे. चालत्या बोटीच्या मागे तंगूस सोडायचा, त्याच्या टोकाला आमिष लावायचं आणि बोट संथ वेगात चालवत राहायची, याला ट्रोलिंग म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युजनेट नावाच्या जुन्या चर्चाव्यवस्थेत काही मुरलेली मंडळी मुद्दाम एखादं चुकीचं वाक्य टाकून ठेवायची आणि कोण नवखा येऊन वाद घालतो ते बघत बसायची. आमिष टाकायचं आणि गळाला कोण लागतंय याची वाट बघायची, म्हणून तेही ट्रोलिंग. उत्तर युरोपातल्या लोककथांमधला ट्रोल नावाचा राक्षस नंतर त्यात मिसळला.

आणखी एक घोळ आधीच मिटवूया. आपल्या कोकणात ट्रॉलर असतात. ते मोठी जाळी ओढत नेतात, त्यांचा या ट्रोलिंगशी संबंध नाही. इथे जाळं नसतं, एका तंगूसाला एक आमिष असतं. गोवा-मालवणच्या समुद्रात हौशी लोक सुरमईसाठी बोटीमागे नकली मासा ओढतात, ते मात्र खरंखुरं ट्रोलिंग.

आज आपण बघणार आहोत ते अमेरिकेतल्या लेक मिशिगनमधलं सॅल्मनचं ट्रोलिंग. मी कामानिमित्त मिलवॉकीला असतो आणि गेल्या तीन उन्हाळ्यांत चार्टर बोटींवर पाच-सहा वेळा जाऊन आलोय. मासेमारीत मी कच्चाच आहे. पण त्या बोटीवर जेवढे सेन्सर आणि जेवढं डेटा बघून निर्णय घेणं चालतं, ते पाहून एखाद्या इंजिनिअरला गप्प बसवत नाही. शिवाय शिकागो, मिशिगन, विस्कॉन्सिनकडे एमएस करायला जाणारे आपल्यातले बरेच जण कधी ना कधी मित्रांसोबत अशा बोटीवर चढतात. त्यांच्यासाठी शेवटचे दोन भाग जास्त महत्त्वाचे आहेत.

याला तळं म्हणायचं?

लेक मिशिगनचं क्षेत्रफळ साधारण ५८,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-पंचमांशाच्या आसपास. लांबी ४९० किलोमीटरच्या वर, सर्वात जास्त खोली २८१ मीटर. पाणी गोडं, पण किनाऱ्यावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे या तळ्यात सॅल्मन मुळात नव्हतेच. लॅम्प्रे नावाचा, वाममाशासारखा दिसणारा रक्तशोषक जीव कालव्यांतून आत शिरला आणि १९४० च्या दशकापासून त्याने इथल्या लेक ट्राउट या मोठ्या माशाचा जवळजवळ फडशा पाडला. मोठा शिकारी मासा उरला नाही, त्यामुळे बाहेरूनच आलेला एलवाइफ नावाचा छोटा चंदेरी मासा बेसुमार वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात हे एलवाइफ इतके मेले की किनारे कुजलेल्या माशांनी भरून गेले. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे सॅल्मन. ओरेगॉनहून कोहो सॅल्मनची अंडी आणून वाढवलेली पिल्लं १९६६ मध्ये नद्यांत सोडली, पुढच्या वर्षी चिनूक सॅल्मन. आज लोक ज्या माशामागे हजारो डॉलरची यंत्रं घेऊन फिरतात, तो प्रशांत महासागराकडचा मासा आहे आणि या तळ्यालाच समुद्र समजून जगतो. तीन-चार वर्षं इथे खाऊन-पिऊन मोठा होतो, शरद ऋतूत नदीत चढतो, अंडी घालतो आणि मरतो.

चिनूक किती मोठा होतो? २०२१ मध्ये लडिंग्टनजवळ पकडलेला एक ४७.८६ पौंडांचा भरला, म्हणजे जवळपास २१.७ किलो. मिशिगन राज्यातला तो विक्रम. आधीचा विक्रम १९७८ चा होता.

पहिला प्रश्न: किती अंशाला?

एवढ्या पाण्यात मासा कुठे शोधायचा? नवख्याला वाटतं की आधी जागा शोधायची. बोटीवरचा कॅप्टन आधी तापमान शोधतो.

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी थरांत विभागलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये वरचा थर २० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तर खोल तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास असतं, कारण गोडं पाणी ४ अंशांना सर्वात जड होतं आणि खाली बसतं. या दोन्हींच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, जिथे काही मीटरमध्येच तापमान झपकन उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. चिनूकला साधारण १० ते १३ अंशांचं पाणी मानवतं. म्हणजे वर गरम, खाली थंडगार आणि मधल्या या पट्ट्याच्या आसपास मासा. त्याचं खाद्य असलेले एलवाइफ थोड्या उबदार पाण्यात, पट्ट्याच्या वरच्या बाजूला असतात. चिनूक खालून येतो, मारतो आणि परत थंड पाण्यात जातो.

हा पट्टा एका जागी स्थिर राहिला असता तर गोष्ट सोपी होती. वारा त्याला हलवतो. किनाऱ्याकडून आत वाहणारा वारा दोन दिवस टिकला की वरचं गरम पाणी दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी काठाशी वर येतं. काल २५ मीटरवर असलेले मासे आज ८ मीटरवर. उलट वारा असेल तर गरम पाण्याचा थर काठाशी जाड होत जातो आणि मासे खोल जातात. म्हणून कालच्या बोटीने कुठे पकडले याच्या माहितीत फार दम नसतो, मधल्या काळात वारा कसा होता हे माहीत नसेल तर.

हा डेटा फुकट मिळतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे तळ्याच्या मधोमध तरंगते बॉय आहेत (दक्षिण भागातल्या बॉयचा क्रमांक ४५००७), ते वारा, लाटा आणि पाण्याचं तापमान कळवत राहतात. उपग्रहांवरून केलेले पृष्ठभागाच्या तापमानाचे रोजचे नकाशेही असतात. पण हे नकाशे फक्त वरच्या कातडीचं तापमान सांगतात हे विसरायचं नाही. इन्फ्रारेड सेन्सर पाण्याच्या आत बघू शकत नाही. नकाशात काठाजवळ अचानक थंड निळा पट्टा दिसला तर खालचं पाणी वर आलंय एवढा अंदाज बांधता येतो, आणि तो कामाचा असतो.

वसंतात मात्र हे सगळं लागू नाही. एप्रिल-मेमध्ये सगळंच पाणी थंड असतं, थर झालेले नसतात. तेव्हा कोहो तळ्याच्या दक्षिण टोकाला, वरच्या दोन-तीन मीटरमध्ये, जिथे एखाद-दुसरा अंश जास्त उबदार असेल तिथे गोळा होतात.

सोनार: पडद्यावरची कमान म्हणजे काय

बोटीच्या तळाला एक ट्रान्सड्यूसर असतो. त्यातला पायझो पदार्थ विजेचा झटका मिळाला की थरथरतो आणि ध्वनीचा छोटा स्पंद खाली जातो. कशावर तरी आपटून प्रतिध्वनी परत आला की तोच पदार्थ दाबला जाऊन वीज तयार होते. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की खोली मिळाली. थंड गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,४५० मीटर जातो. ३० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला ६० मीटरचा प्रवास, म्हणजे सुमारे ४१ मिलिसेकंद. कारचा रिव्हर्स पार्किंग सेन्सर हेच हवेत करतो.

माशाचं मांस आणि पाणी यांच्या घनतेत फार फरक नाही. प्रतिध्वनी मुख्यतः येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. बोट माशावरून जाताना तो आधी ध्वनीच्या शंकूच्या कडेला असतो (अंतर जास्त), मग बरोबर खाली (अंतर कमी), मग दुसऱ्या कडेला (पुन्हा जास्त). पडद्यावर उभा अक्ष अंतराचा आणि आडवा अक्ष वेळेचा असतो, त्यामुळे कमान उमटते. अर्धीच कमान दिसली तर मासा शंकूच्या कडेने निसटला. लांबच लांब सपाट रेघ दिसली तर मासा बोटीबरोबर पोहतोय, किंवा ते तुमचंच काहीतरी खाली लटकतंय.

थर्मोक्लाइनही सोनारवर धूसर आडव्या पट्ट्यासारखी दिसते. पाण्याची घनता तिथे बदलते आणि सूक्ष्म जीवही तिथे गोळा झालेले असतात. सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवली की दिसते, जास्त वाढवली तर सगळा पडदाच कचऱ्याने भरतो.

बहुतेक यंत्रांत एक फिश आयडी नावाचं सेटिंग असतं, जे कमानींच्या जागी गोंडस माशांची चित्रं दाखवतं. माझं मत विचाराल तर ते बंद ठेवा. तो सॉफ्टवेअरचा अंदाज आहे. बुडबुडे, तरंगणारा कचरा, दुसऱ्या बोटीच्या सोनारचा आवाज, यातलं काहीही त्याला मासा वाटू शकतं. कच्चा डेटा समोर असताना त्यावर स्टिकर चिकटवून घ्यायची गरज नाही.

आमिष हव्या त्या खोलीवर न्यायचं कसं

आता आपल्याला कळलं की मासे २८ मीटरवर आहेत. हलका पत्र्याचा चमचा तंगूसाला बांधून चालत्या बोटीमागे सोडला तर तो फार तर काही मीटर खाली जाईल. पाण्याचा रेटा त्याला वर उचलतो. इथे खरी कारागिरी सुरू होते.

सर्वात नेमकं साधन म्हणजे डाउनरिगर. बोटीच्या कडेला एक छोटं क्रेनसारखं यंत्र, त्यावर स्टीलची बारीक तार आणि तारेच्या टोकाला साडेचार ते सात किलोचा शिशाचा गोळा. आमिष आधी बोटीमागे काही मीटर सोडायचं, मग तंगूस गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. गोळ्याबरोबर आमिषही खाली जातं. वर रॉड इतका ताणून ठेवतात की तो धनुष्यासारखा वाकलेला असतो. मासा लागला की क्लिप सुटते, रॉड ताडकन सरळ होतो आणि मग लगेच पुन्हा खाली वाकतो. यापुढे तंगूसावर फक्त मासा असतो, शिशाचं वजन नाही. ही कल्पना मला फार आवडते: वजन न्यायच्या वेळी असावं आणि झुंजताना नसावं.

डाउनरिगरचा काउंटर मात्र खोली दाखवत नाही, तो सोडलेल्या तारेची लांबी दाखवतो. बोट पुढे जाते तशी तार मागे झुकते. तार ३० मीटर सोडली आणि ती उभ्या रेषेपासून २० अंश झुकली, तर खरी खोली ३० गुणिले कोसाइन २०, म्हणजे साधारण २८.२ मीटर. (तार खरं तर थोडी वक्र होते, पण हिशेबाला चालतं.) त्याच वेळी गोळा सुमारे १० मीटर मागे गेलेला असतो. आता सोनारचा शंकू २० अंशांचा असेल तर ३० मीटरवर त्याचा व्यास साडेदहा मीटर, म्हणजे त्रिज्या सव्वापाच. गोळा शंकूच्या बाहेर! म्हणून खोल गेल्यावर गोळा सोनारवरून गायब होतो. सोनार बिघडला नाही, ही अकरावीची त्रिकोणमिती आहे. कमी वारंवारतेचा, पसरट शंकू लावला की तो पुन्हा दिसू शकतो.

दुसरं साधन डिप्सी डायव्हर. ही तिरकी बसणारी प्लॅस्टिकची चकती. ओढली की पाण्याचा रेटा तिला खाली दाबतो, आणि तिच्या बुडाचं वजन फिरवून ठेवलं की ती खाली जाता जाता डावीकडे किंवा उजवीकडेही सरकते. म्हणजे बोटीच्या आवाजापासून लांब. मासा लागला की आतली कळ सुटते आणि चकती आडवी होते, म्हणजे ओढायला त्रास नाही.

तिसरं लेडकोर, म्हणजे गाभ्यात शिशाची तार असलेली दोरी. दर १० यार्डांवर, म्हणजे नऊ मीटरवर, तिचा रंग बदलतो. कॅप्टन "पाच रंग सोड" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ५० यार्ड. ट्रोलिंगच्या नेहमीच्या वेगाला एक रंग साधारण दीड मीटर खाली जातो असा ठोकताळा आहे. वेग वाढला की दोरी वर येते, कमी झाला की खाली.

आणि चौथं, प्लेनर बोर्ड. हे कळायला आपल्याला अवघड नाही, ही पाण्यातली पतंगच आहे. फळी तिरकी असते, पाण्याचा रेटा तिला बाजूला ढकलतो, आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना वीस-तीस मीटरवर एकेक रांग लागते. वसंतातले कोहो वरच्या पाण्यात असतात, बोट अंगावर आली की पळतात. तेव्हा हे बोर्डच कामाला येतात.

फोन म्हणतो ४, आमिष म्हणतं ३

सॅल्मनसाठी बोटीचा वेग साधारण साडेतीन ते साडेचार किलोमीटर ताशी ठेवतात. म्हणजे आपण स्टेशनला चालत जातो तेवढाच. वसंतात थोडा कमी. यापेक्षा हळू गेलं तर चमचा हलत नाही, जास्त जोरात गेलं तर तो नाचायचा सोडून गरगर फिरतो.

वेग मोजायला जीपीएस आहेच. फोनमधला जीपीएससुद्धा या बाबतीत चांगला. स्थान काही मीटरनी चुकलं तरी वेग बऱ्यापैकी अचूक मिळतो, कारण तो उपग्रहाच्या सिग्नलमधल्या डॉप्लर बदलावरून काढता येतो. पण जीपीएस सांगतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. आमिषाला जमिनीशी देणंघेणं नाही, त्याला पाण्याशी आहे. आणि २५ मीटर खालचं पाणी वरच्या पाण्याबरोबर वाहत असेलच असं नाही.

समजा खाली ०.८ किलोमीटर ताशीचा प्रवाह उत्तरेकडे जातोय आणि तुम्ही जीपीएसवर ४ ठेवून उत्तरेकडे चाललात. आमिषाला जाणवणारा वेग ३.२. वळून दक्षिणेकडे आलात, जीपीएसवर तेच ४, पण आमिषाला ४.८. बोटीवर "आज एकाच दिशेने जाताना मासे लागतायत" असं नेहमी ऐकू येतं, त्यात नशिबाचा भाग कमी आणि ही वजाबाकी जास्त.

म्हणून गंभीर लोक गोळ्याजवळ एक सेन्सर बांधतात, जो तिथला वेग आणि तापमान दोन्ही वर कळवतो. फिश हॉक हे त्यातलं प्रसिद्ध नाव. तो माहिती ब्लूटूथने का पाठवत नाही? कारण ब्लूटूथ आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरून जातात. पाणी त्या शोषून घेतं. जीपीएसचंही तेच, पाण्याखाली तो आंधळा. ध्वनी मात्र पाण्यात मजेत दूर जातो, म्हणून हा सेन्सर ध्वनीच्या स्पंदांतून माहिती पाठवतो आणि बोटीच्या तळाचा दुसरा ट्रान्सड्यूसर ती ऐकतो. पाण्याखालच्या तंत्रज्ञानात शेवटी सगळे ध्वनीकडेच येतात.

आमिष, रंग आणि एका वेळी एकच बदल

आमिषांचे डबे उघडले की माणूस हरवतो. ढोबळ प्रकार असे: स्पून, म्हणजे वाकवलेला चमकता पत्रा, प्लग, म्हणजे डुलत पोहणारा नकली मासा, आणि फ्लॅशर, ही गिरक्या घेणारी लांबट पट्टी असते जिच्या मागे अर्ध्या-पाऊण मीटरवर झालर असलेली माशी बांधतात. फ्लॅशरला गळ नसतो. तो फक्त लांबून लक्ष वेधतो आणि माशीला झटके देतो.

रंगाबद्दल हजार मतं आहेत, पण भौतिकशास्त्र एवढंच सांगतं: पाणी लाल रंग सर्वात आधी शोषतं. खोल गेल्यावर लाल चमचा काळपट दिसतो, निळा आणि हिरवा जास्त खोलवर टिकतात. चिनूक अंधुक उजेडात, पहाटे जोरात खातो, म्हणून सूर्योदयाआधी अंधारात चमकणारी आमिषं लावतात. ती आधी उजेडाने चार्ज करावी लागतात. फोनचा फ्लॅश दहा-पंधरा सेकंद धरला की झालं.

मला सर्वात भावलेला भाग पुढचा. सकाळी बोटीवर आठ-नऊ रॉड लावलेले असतात, प्रत्येकावर वेगळी खोली, वेगळं आमिष, वेगळा रंग. एका रॉडला मासा लागला की कॅप्टन लगेच सगळं त्याच्यासारखं करत नाही. दुसऱ्याही वेळी तोच लागला, तर मग शेजारच्या एका रॉडवर फक्त खोली तशी करतो, आमिष तेच ठेवतो. खोलीमुळे लागला की रंगामुळे, हे वेगळं काढायचं असतं. आपण ॲपमध्ये ए-बी टेस्टिंग करतो ते हेच.

बोट सरळ रेषेत चालवायची नाही, नागमोडी चालवायची, यालाही कारण आहे. वळताना आतल्या बाजूची आमिषं मंद होतात आणि खाली जातात, बाहेरची वेगात येऊन वर उचलली जातात. वळणावर आतल्या रॉडला मासा लागला तर वेग कमी करून बघायचा, बाहेरच्याला लागला तर वाढवून. एका वळणात दोन प्रयोग.

फोनवर किती भरवसा ठेवायचा

किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेलं की मोबाइलचं नेटवर्क जातं. जीपीएस चालू राहतो, कारण फोन उपग्रहांचं फक्त ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही. पण नकाशा आधी डाउनलोड केलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका दिसेल. नॅव्हिओनिक्ससारख्या ॲपमध्ये तळाच्या खोलीचे नकाशे ऑफलाइन ठेवता येतात, ते घरच्या वायफायवरच करून घ्या. ओल्या हातांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, पाण्याचे थेंबही त्याला बोट वाटतात. आणि आयपी६८ म्हणजे फोन तळ्यात पडला तरी चालेल असं नाही. ती चाचणी ठरावीक खोलीची आणि ठरावीक वेळेची असते. हातातून सुटलेला फोन शंभर मीटर खाली जातो, तिथे कुठलंच रेटिंग कामाचं नाही. दोरी असलेली तरंगती पिशवी घ्या.

मदत मागायला बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असतो, चॅनल १६. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये उपग्रहावरून आपत्कालीन संदेश पाठवता येतो आणि तळ्यावर मोकळं आकाश असल्याने तो चालतोही. पण व्हीएचएफवर बोललं की कोस्ट गार्डबरोबर आसपासच्या सगळ्या बोटींनाही ऐकू जातं, आणि सर्वात आधी तीच बोट पोचते जी जवळ आहे.

हे गंभीर का, तर या तळ्याने माणसं घेतली आहेत. २३ सप्टेंबर १९६७ ला प्लॅट बेमध्ये कोहोच्या पहिल्या मोठ्या हंगामात छोट्या छोट्या बोटी घेऊन प्रचंड गर्दी पाण्यात उतरली होती. वादळाची सूचना होती. मासे लागत होते, लोक मागे फिरले नाहीत. त्या दिवशी सात जण बुडाले. इथल्या लाटा समुद्रासारख्या लांबलचक नसतात, त्या जवळजवळ आणि उभ्या येतात, एकीतून बोट सावरेपर्यंत दुसरी आदळते.

आणि थंडी. मे महिन्यात काठावर टी-शर्टचं ऊन असतं आणि पाणी सात-आठ अंश. एवढ्या थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास आपोआप धापांसारखा होतो, तोंडात पाणी गेलं तर तिथेच संपलं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरायला तासभर लागू शकतो, पण लाइफ जॅकेट नसेल तर तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. पोहता येतं हा इथे मुद्दाच नाही. जॅकेट सीटखाली नाही, अंगावर. फोटो चांगला येत नाही म्हणून ते काढणारे आपल्यातलेच बघितलेत, म्हणून एवढं लिहितोय.

परवाना, ताट आणि नाकातली तार

परवाना राज्याप्रमाणे बदलतो आणि ऑनलाइन काढता येतो. विस्कॉन्सिनच्या बाजूला साध्या मासेमारी परवान्यासोबत ग्रेट लेक्स ट्राउट-सॅल्मनचा वेगळा स्टॅम्प लागतो. एका माणसाने किती मासे न्यायचे यावरही मर्यादा असते. ती दर वर्षी राज्याच्या साइटवर बघून घ्या, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

खाण्याबद्दल. आपल्याकडे रावसला हॉटेलवाले इंडियन सॅल्मन म्हणतात, पण रावस आणि सॅल्मन यांचं काही नातं नाही. चिनूक जास्त तेलकट असतो, मसाला लावून तव्यावर टाकताना तेल कमी घाला. मात्र या तळ्यातल्या माशांच्या चरबीत पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं साठलेली असतात. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, पण ती सहज नष्ट होत नाहीत आणि मोठ्या, वयस्कर माशात जास्त असतात. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकली, आणि चरबी गळून जाईल असं भाजलं, की प्रमाण कमी होतं. महिन्यातून किती वेळा खावं हे राज्यांच्या आरोग्य विभागांनी माशाच्या जातीनुसार आणि लांबीनुसार ठरवून दिलंय. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठीचे आकडे वेगळे आणि कडक आहेत. विक्रमी मासा फोटोला छान, ताटात मधल्या आकाराचा बरा.

मासे सोडत राहिलं की झालं, इतकं हे सोपं नाही. शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळले आणि त्यापाठोपाठ तिथली चिनूकची मासेमारीही बसली. परदेशातून जहाजांबरोबर आलेले क्वागा जातीचे शिंपले पाणी गाळून सूक्ष्म जीव फस्त करतात, मग एलवाइफना खायला उरत नाही. लेक मिशिगनमध्येही तेच होईल या धास्तीने २०१३ मध्ये तिथे सोडायच्या चिनूक पिल्लांची संख्या जवळजवळ निम्मी केली गेली. बोटवाले चिडले होते. पण पकडलेल्या चिनूकपैकी निम्म्याहून जास्त आता नद्यांमध्ये आपोआप जन्मलेले असतात, म्हणजे किती पिल्लं सोडायची हे फक्त केंद्रातल्या टाक्या बघून ठरवता येत नाही.

हे कळतं कसं? केंद्रात वाढवलेल्या पिल्लाच्या नाकाच्या कुर्च्येत १.१ मिलिमीटर लांबीची स्टीलची तार घालतात, तिच्यावर कोड कोरलेला असतो. ओळख म्हणून शेपटीआधीचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापतात. बॅटरी नाही, चिप नाही, तरी मासा कुठे आणि कधी सोडला होता ते वर्षांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतं. याच तारांमुळे कळलं की ह्युरॉनमध्ये सोडलेले चिनूक खायला मिशिगनमध्ये येतात. म्हणून हाती लागलेल्या सॅल्मनच्या पाठीवर तो छोटा पर नसेल तर डोकं फेकू नका. बऱ्याच बंदरांवर ते जमा करायला फ्रीझर ठेवलेला असतो. पिशवीत घालून, सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, माशाची लांबी लिहून ठेवायचं.